माडीच्या फटी

हे आजवर मी कोणाच्याच कानावर घातलेलं नाही — नवऱ्याच्याही नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरी कधी आला नाहीत. आला असतात तर तुम्हीही छताकडे बघून माझं कौतुकच केलं असतंत. तेच तर मला सोसवत नाही.

आमचं घर सुप्याजवळ, रानात. खाली दोन खोल्या, वर लाकडी माडी. माडीच्या फळ्या ह्यांनी एमआयडीसीतून आणल्या — यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्या खोक्यांच्या. लाकूड ओलं निघालं. एका उन्हाळ्यात फळ्या आकसल्या, बोटबोट फटी पडल्या, एकीतली गाठ निसटून रुपयाएवढं भोक झालं. मी वर झाडू मारला की धूळ थेट खाली आत्याबाईंच्या कॉटवर.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. अंगावरून वारं गेलेलं, डावी बाजू लुळी. मी वर शिलाई मशीन चालवायची आणि फटींतून हाक यायची. "मंगल, किती वाजलं गं?" "मंगल, शेरडं पानी प्याली का?" उतरून जावं तर काहीच नसायचं. परत वर येऊन मशीनवर पाय ठेवते तोच — "मंगल!" जीव मेटाकुटीला यायचा. पण कोणाचा येत नाही? थांबा — असं बोलायला लागले की मी सुटायला बघते. तसं नको.

तर, मी फटी बुजवायला घेतल्या. सुताराकडून भुसा आणला, सरसात कालवला. फटींत आधी सुतळी ठासली, वरून लगदा भरला, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासला. भोकासाठी बाभळीची खुंटी तासली आणि वरवंट्याने ठोकली. ठोकण्याआधी भोकातून आत्याबाईंचा चेहरा दिसला. त्या वरच बघत होत्या. मी खुंटी लावली.

संध्याकाळी हे म्हणाले, "आईच्या अंगावर माती पडू नये म्हनून एवढं केलंस?" मी हो म्हणाले. आत्याबाई येईल-जाईल त्याला उजव्या हाताने छत दाखवायच्या. "माझ्या सुनंनं केलं. पोटची पोर करायची न्हाई." धूळ? धुळीचं मला काय पडलं होतं! त्यांचा आवाज वर यायला नको होता, एवढंच. आणि मशीन चालू असलं की तो खरंच येईना. किती बरं वाटलं म्हणून सांगू?

मग एकदा वेणी घालताना त्या म्हणाल्या, "आधी तुझ्या बांगड्या ऐकू यायच्या गं. आता तू घरात हायेस का रानात गेलीस, काय कळत न्हाई." म्हणजे त्या हाका वेळ विचारायला नव्हत्याच. मला कळलं. कळूनही मी खुंटी काढली नाही.

दिवाळी तोंडावर होती, ब्लाउजांचा ढीग पडलेला. दुपारी दोरा संपला म्हणून मशीन थांबलं, तेव्हा काहीतरी आलं — बारीक, लांबून आल्यासारखं. मी ऐकलं. आज पहिल्यांदा कबूल करते आहे — मी ऐकलं. म्हटलं, असेल नेहमीचंच. दोरा ओवला आणि पुन्हा पाय मारला. उजेड होता तोवर शिवत राहिले.

हे कामावरून आले तेव्हा आत्याबाई कॉटखाली फरशीवर होत्या, खुबा मोडलेला. ह्यांची हाक ऐकून मी खाली धावले. मी रडत होते, आणि रडता रडता ओरडत होते — हाक मारली असती तर मी आले नसते का? ऐकलंत ना, काय ओरडत होते ते? ह्यांनी आईकडे बघितलं.

"तिला बोलू नको," आत्याबाई म्हणाल्या. "मी हाकच न्हाई मारली."

घसा पार बसला होता त्यांचा. शब्द धड फुटत नव्हता. ह्यांना वाटलं, दुखण्याने असेल.

त्यानंतर त्या उठल्या नाहीत. थंडी सरायच्या आत गेल्या. मी त्यांची कूस बदलायची, चमच्याने पाणी पाजायची आणि दर खेपेला वाटायचं, आता सांगावं. त्या माझ्याकडे बघत राहायच्या. मी उशी सारखी करायची. त्यांनी मला पुन्हा कधी हाक मारली नाही — तहान लागली तरी नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात फळ्या पुन्हा आकसल्या. खुंटी सैल झाली आणि खाली, त्यांच्या रिकाम्या कॉटवर पडली. ह्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली. "बसव परत. तुझा हात चांगला हाय." मी ती मशीनच्या खणात टाकून ठेवली आहे.

भोक उघडंच आहे. शिवता शिवता मी मशीन थांबवते, बांगड्या गच्च धरते आणि ऐकत बसते. खालून काही येत नाही.