आळंदच्या दुकानात बांधलेलं विमानतळ

आळंदला बसस्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे, त्यातच बॅनर छापायचं मशीन. लग्नसराई सरली की दुपारी दुकानात कुणी फिरकत नाही. अशाच एका रिकाम्या उन्हाळ्यात मला कॉम्प्युटरवर विमान उडवायचा नाद लागला. गेमच तो, पण त्यात जगभरची विमानतळं असतात, खरं वारं असतं, आणि विमान नीट उतरवायला शिकण्यात माझे कितीतरी आठवडे गेले. हात बसल्यावर मी हौसेनं आपल्या जिल्ह्याचं, कलबुर्गीचं विमानतळ शोधलं. सापडलं ते असं: एक राखाडी पट्टी, कडेला लाल कौलांची परदेशी घरं, आणि तुरीच्या रानात थंड देशातली उंच टोकदार झाडं. प्रवाशांची इमारत नव्हतीच.

मला ते बघवलं नाही. हौशी लोक आपल्या गावचं विमानतळ स्वतः बनवून अशा गेममध्ये घालतात, हे मला ठाऊक होतं. नवरानवरीच्या मागं महाल आणि धबधबे चिकटवण्यात माझी उमर गेलेली, तेव्हा एक इमारत आपण सहज उभी करू असं वाटलं. सहज काही झाली नाही. पहिली इमारत जमिनीपासून हातभर वर तरंगत राहिली. दुसरी उलटी उभी राहिली. तरी मी मोटारसायकलवर जाऊन रस्त्यावरून दिसेल तेवढं न्याहाळून आलो, उरलेलं वरून काढलेल्या नकाशावर बघितलं. टोकदार झाडं काढून लिंब आणि बाभळी लावल्या, कौलं काढून पत्रे आणि शहाबादी फरशीच्या भिंती घातल्या. तुरीला फुलं आल्यावर रान जसं पिवळं दिसतं तसा रंग भरला. शेवटी ते सगळं इंटरनेटवर टाकलं. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसानं तिथं विमान उतरवलं आणि मला विचारलं, की हे पिवळं काय आहे? मी तुरीचं सांगितल्यावर त्यानं आभार मानले. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद करून घरी पेढे नेले.

पेढे कशाचे ते कुणालाच कळलं नाही. फक्त माझी आत्या दुसऱ्या दिवशी चौकशीला दुकानात आली. आत्या आमच्या गल्लीतच राहते. तिचे यजमान, आमचे मामा, वारल्यापासून शेत तीच बघते, बाजारात तुरीचा भावही तीच करते, आणि अडत्याशी कानडीत, हमालाशी उर्दूत, आमच्याशी मराठीत भांडते. तिला भीती म्हणून ठाऊक नाही, असं आम्ही समजत होतो.

तेव्हा तिची मुलगी बेंगळूरला होती आणि बाळंतपण जवळ आलं होतं. डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटल्यामुळं ती माहेरी येणार नव्हती, आत्यालाच जायला हवं होतं. आत्याचे गुडघे गेलेले. बसनं किंवा रेल्वेनं एवढं लांब बसून जाणं जमणार नव्हतं. जावयानं विमानाचं तिकीट काढतो म्हटलं, तर आत्यानं साफ नकार दिला. सगळ्यांनी समजावलं. ती एकच बोलायची, "खाली जमीन नसलेल्या जागी मी बसनार न्हाई."

मी तिला माझ्या स्क्रीनसमोर बसवलं. नवरीच्या फोटोसाठी ठेवलेली लाल गादीची खुर्ची तिला दिली. कलबुर्गीहून विमान उडवलं, गावावर एक फेरी मारली. आत्या काउंटर धरून बसली होती. तिला खूष करावं म्हणून उतरताना मी ऐट दाखवायला गेलो, तेवढ्यात आडवं वारं आलं आणि विमान पट्टी सोडून सरळ रानात घुसलं.

आत्यानं काउंटर सोडून स्क्रीनकडं बोट केलं. "तुरीत घातलास की रे अप्पा," ती म्हणाली. "परत कर."

मला वाटलं होतं, आता काही ही जायची नाही. पण ती रोज जेवण झालं की येऊन बसू लागली. कसला आवाज झाला की विचारायची, हे कामून वाजायलंय? मी सांगायचो, की चाकं पोटात घेतली, पंखाची पट्टी बाहेर काढली. विमान वळताना एका बाजूला कलतं तेव्हा आधी ती खुर्चीत उलट बाजूला झुकायची. हळूहळू सरळ बसू लागली. एक दिवस मी उतरवलं आणि तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. "काढ म्हनावं जावयाला तिकीट," ती म्हणाली. "पर तू संगं यायचं."

आता सांगायला हवं, की खऱ्या विमानात मीही कधी बसलो नव्हतो. आत्याच्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

विमानतळावर मी तिला मोठ्या रुबाबात सगळं दाखवत फिरलो. इथून आत, तिथं तपासणी, काचेपलीकडं ती पट्टी. आत बसलो. विमान पट्टीच्या टोकाला जाऊन वळलं आणि सुटलं. स्क्रीनवर पाठीला खुर्ची दाबत नाही. मी डोळे घट्ट मिटून घेतले. जे विमानतळ मी दगड दगड करून बांधलं होतं, ते खिडकीखालून निघून गेलं आणि मला दिसलंच नाही.

खाली काहीतरी खडखडलं. आत्यानं माझा हात आपल्या हातात घेतला.

"चाकं आत घेतल्यात," ती हळूच म्हणाली. "भिऊ नको."

पलीकडच्या सीटवरच्या बाईंना तिनं कानडीत सांगितलं, की पोरगा पहिल्यांदा बसलाय. बेंगळूर येईपर्यंत तिनं हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.

आठवड्याभरात आत्याला नात झाली. मी परत आलो ते एकटा, विमानानंच, खिडकीशी बसून, डोळे उघडे ठेवून. वरून खरं बघितल्यावर कळलं, गेममधल्या माझ्या भिंतींचा रंग जरा जास्त पिवळा होता, आणि फरशीच्या खाणींची पांढरी भगदाडं मी घातलीच नव्हती. दुकानात आल्यावर पहिलं काम म्हणजे ते दुरुस्त केलं.

बाळाचे दात यायला लागल्यावर आत्या परतली, एकटीच. मी न्यायला गेलो होतो. ती बाहेर आली ती एका म्हाताऱ्या जोडप्याला हाताशी धरून. विमानात ओळख झाली, घाबरली होती बिचारी, म्हणून मधल्या खुर्चीत बसून दोघांना बोलत ठेवलं, असं तिनं सांगितलं. त्यांचा मुलगा गाडी घेऊन येईपर्यंत तिनं तिथून पाय हलवला नाही. मग गेटसमोरच्या टपरीवर आम्ही दोघांनी चहा घेतला, आणि तिनं नातीचे फोटो काढून टपरीवाल्यालाही दाखवले.