रामा, आज जरा दमानं

बबनभाऊ मला बारा महिने ‘रामा’ म्हणत. आंबी गावच्या रामनवमीच्या नाटकात मी राम आणि ते समुद्र, एवढंच आमचं नातं. एरवी मी तळेगावच्या शाळेत मास्तर, ते नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात कामगार. सायकलवरून जाताना ओरडायचे, “काय रामा, बाण घासला का?”

समुद्राची भूमिका मोठी चमत्कारिक. लंकेला जायची वाट मागत राम तीन दिवस काठावर बसून विनवण्या करतो, समुद्र दाद देत नाही. शेवटी राम चिडून धनुष्य उचलतो, समुद्राला हाक मारतो, तेव्हा तो हात जोडून वर येतो. तोवर भाऊंनी निळ्या लुगड्यांखाली पडून राहायचं. रात्रपाळी करून आलेले भाऊ तिथे खुशाल झोपत. “समुद्राचं काम लय सोपं,” म्हणायचे, “पडून ऱ्हायाचं. आन त्याचा गुन्हा तरी काय? त्यो आपल्या जागंवर पडलाय. वाट ह्यास्नी पायजे.”

मीही त्यांच्यासाठी विनवण्या लांबवायचो, पदरची दोन-चार वाक्यं घालायचो. त्यांच्या श्वासाबरोबर लुगडं वरखाली व्हायचं आणि लोक म्हणायचे, लाटा काय झकास केल्यात!

गेल्या वर्षी त्यांना रजा मिळाली नाही. सलग दोन पाळ्या करून तसेच आले. तोंडाला निळा रंग लावून घेताना म्हणाले, “रामा, आज जरा दमानं. लय दमलोय.” मी हो म्हटलं.

पण सत्काराला आलेले पाहुणे घड्याळ बघू लागले, गावातले पंच विंगेतून हातवारे करू लागले, आणि मी घाबरलो. दुसऱ्याच वाक्याला धनुष्य उचललं, हाक मारली. भाऊ उठले. डोळे लालभडक, पण एक शब्द चुकला नाही. हात जोडून त्यांनी रामाला वाट दिली.

नंतर रंग पुसताना एवढंच म्हणाले, “तीन दिस व्हते ना रं आपले? तीन मिंटं बी न्हाई दिलीस.” ते हसत होते. मला हसता आलं नाही, अजूनही येत नाही.

दिवाळीच्या आधी ते गेले. पाळीवरून आले, आडवे झाले, उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा त्यांना ओटीवर चादर पांघरून ठेवलं होतं. वहिनी मला म्हणाल्या, “तुमच्या हाकंला उठायचं न्हवं का ह्ये? मारा की एकडाव हाक.”

मी त्यांच्या पायाशी बसलो. हाक मारली नाही.