म्हशीबरोबर दिलेलं दावं

आमची शेवटची म्हैस मी वडिलांना विचारूनच विकली. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर मी चोरून विकली असं वाटायचं. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि मी कागलच्या एमआयडीसीत सुट्या भागांची मापं तपासणारा माणूस. मी धारेला बसलो की म्हैसच मागं वळून बघायची. शेवटी आबा म्हणाले, "ईक." उचगावचा एक ओळखीचा दूधवाला टेम्पो घेऊन आला. मी दावं सोडलं आणि दाव्यासकट म्हैस त्याच्या हवाली केली.

आबा सोप्यात खाटेवर बसून बघत होते. टेम्पो वळल्यावर म्हणाले, "दावं बी दिलंस व्हय रं?"

"नवं आणू की," मी म्हणालो. ते कुणाला बांधायचं, हे काही मला सुचलं नाही.

तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. गोळी दे, पंखा बंद कर, एवढंच. म्हैस गेल्याचं वाईट वाटतंय, जाईल आठ दिवसांत, असं मी धरून चाललो. त्याच सुमारास त्यांनी खाटेच्या पायथ्याला एक दोरी बांधली आणि तिला धरून उठू लागले. दोरीला शेणाचा वास यायचा. मी म्हणालो, "काढून टाका, स्टीलचा दांडा बसवून देतो." त्यांनी गाठ आणखी आवळली.

धारेची वेळ चुकवता येत नाही म्हणून आमच्या घरातून कुणी कधी लांबच्या सहलीला गेलं नव्हतं. आता मी मोकळा होतो. मित्राच्या सहलीत एक जागा रिकामी होती आणि ती सहल मंगोलियाची होती. काश्मीरची असती तर काश्मीरला गेलो असतो. बायको म्हणाली, "जावा तुम्ही, आबांचं मी बघते."

तिथं आम्ही चार दिवस एका फिरस्त्या कुटुंबाकडं राहिलो. गवताळ माळावर त्यांचा लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याचा गोल तंबू. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, दिलेली वाटी परतवायची नाही. चहात साखरेऐवजी मीठ. सोबतच्या मंडळींनी तोंडं वाकडी केली, मी तीन वाट्या प्यायलो, कारण दूध ताजं होतं. चुलीत वाळलेलं शेण जळत होतं. आमच्या शेणी हातानं थापलेल्या असतात, त्यांचं शेण माळावरून वेचून आणलेलं. धूर मात्र तोच. मला घरची आठवण वगैरे आली नाही. डोळे चुरचुरले, इतकंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलवरून एकजण घोडा घ्यायला आला. घरच्या म्हाताऱ्यानं तपकिरी घोडा आणला, त्याच्या आयाळीचे चार केस कापून मुठीत धरले आणि तोंडावरचं दोरीचं म्होरकं उतरवलं. घेणाऱ्यानं स्वतःचं म्होरकं चढवलं. म्हाताऱ्याचं तसंच गवतात पडलं होतं. विसरले वाटतं, म्हणून मी ते उचललं आणि धावत जाऊन घेणाऱ्याच्या हातात कोंबू लागलो. तंबूतली सगळी माणसं एकदम ओरडली. म्हातारी पळत आली, माझ्या हातातून तिनं ते हिसकावून घेतलं आणि छातीशी धरलं.

सहलीसोबत आलेल्या दुभाषी मुलीला हसू आवरत नव्हतं. तिनं सांगितलं, "जनावर विकलं तरी त्याची दोरी घरात ठेवतात. नाहीतर घरातली बरकत जनावरामागं निघून जाते. तुमच्याकडं नाही का असं?"

"नाही," मी म्हणालो. म्हणालो आणि आमचा गोठा आठवला. तिथल्या खुंटीवर जुन्या दाव्यांचा गुंता लोंबायचा. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मीच तो भंगारात टाकला होता. मला लाज वाटली, आणि ती परतीच्या विमानातही उतरली नाही.

कोल्हापुरात आल्यावर घरी न जाता, पाठीवरच्या पिशवीसकट, आधी उचगाव गाठलं. दूधवाला गोठ्यातच होता. आमची म्हैस रवंथ करत उभी. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

"दावं? त्ये तर आबा दुसऱ्या दिशीच घिऊन गेल्यात की!" तो म्हणाला. "रिक्षा करून आलते. नवं दावं संगं आणलंतं. जुनं सोडलं, नवं बांधलं, आन् गेले. तुमाला बोलले न्हाईत?"

त्या गुडघ्यांनी ते रिक्षात चढले कसे, उतरले कसे, हेच मी वाटभर मोजत राहिलो.

घरी आबा दुपारची झोप संपवून उठण्याच्या बेतात होते. त्यांच्या मुठीत ती दोरी होती. एका टोकाला गाठ, म्हशीच्या गळ्याशी घासून गुळगुळीत झालेली. मापं तपासून पोट भरणाऱ्या माणसाला इतके दिवस ती नुसती दोरीच दिसत होती.

"आबा," मी म्हणालो, "चुकलं माझं."

"व्हय, चुकलंच," ते म्हणाले आणि दावं ओढून उभे राहिले. "आता त्यो तुजा दांडा तेवढा आणू नगंस."