मधुसूदनभाऊंचे सात घोडे

आमच्या सक्करदऱ्यातले मधुसूदनभाऊ पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सवाल्यांनी नेल्या, देवळांच्या भिंती तेवढ्या भाऊंकडे राहिल्या. देव रंगवायचा तर चप्पल काढून, आणि डोळे सगळ्यात शेवटी, आंघोळ करून. एकदा डोळे उघडले की ते चित्र पुसायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम.

मागच्या हिवाळ्यात हिंगणा रोडवरच्या एका लग्नाच्या लॉनची मोठी भिंत त्यांना मिळाली. देवळाबाहेरचं असं काम कितीतरी वर्षांनी आलं होतं. मालक मनोहररावांनी मोबाइलवर चित्र दाखवलं. चारशे वर्षांपूर्वीचं, इटलीतलं. तिकडच्या पुराणातला सूर्यदेव रथात, भोवती बायका फेर धरून, पुढे उषा फुलं उधळत चाललेली.

"सेम टू सेम पाहिजे," मनोहरराव म्हणाले.

कामाच्या अकराव्या दिवशी भाऊंच्या पत्नी जयावहिनी डबा घेऊन निघाल्या, मीही सोबत गेले. पाहतो तर मनोहरराव भिंतीसमोर बोट नाचवत मोजत होते.

"सात? फोटोत चार घोडे आहे गा मधुसूदन! तीन काहून वाढवले?"

"सूर्याले सातच राहतेत जी. त्या चित्रवाल्याले जागा पुरली नसन."

"अरे, तो इटलीचा सूर्य आहे!"

"मंग सूर्य का दोन आहेत जी?"

वहिनींनी पदरात हसू दाबलं. मालक काही हसले नाहीत.

"तीन पुसून टाक. परवा लग्न आहे. नाही तर पूर्ण भिंत पांढरी करतो."

भाऊंचा चेहरा उतरला. "सकाळीच डोळे उघडले जी सगळ्यांचे. आता माह्या हातानं पुसणं होत नाही. तुम्ही करा."

मनोहररावांनी खरंच रंगाची बादली मागवली आणि लॉनचे म्हातारे माळी चंपतराव यांच्या हातात ब्रश दिला. चंपतराव भिंतीपाशी गेले. वर पाहिलं. चप्पल काढली, हात जोडले आणि ब्रश तसाच परत आणून दिला.

"हे तर पाहूनच राहिले माह्याकडे," ते म्हणाले.

मग मालक स्वतः उठले. पहिल्या घोड्यासमोर ब्रश उचलून उभे राहिले. घोड्याचे डोळे थेट त्यांच्याकडेच पाहत होते. शेवटी ब्रश बादलीत सोडला आणि वैतागून वळले.

"अन् मी इथं चिकनचं काउंटर लावणार होतो, त्याचं काय?"

"ते पार्किंगकडं न्या जी," मधुसूदनभाऊ म्हणाले, आणि हात धुवायला गेले.