शेंगा म्हणजे काय

भाजलेल्या शेंगांचा, लसूण-तिखटाचा वास आला की मला तो फोन आठवतो. आमच्या गावातल्या नवी पेठेमागच्या घरात आत्या उखळात शेंगांची चटणी कुटत होती आणि मी शेजारी मोबाईल धरून बसलो होतो. वेबसाइटची नावं आधी घेऊन ठेवायची, मग गिऱ्हाईक बघून विकायची, हा धंदा मी नुकताच शिकत होतो. 'शेंगाचटणी' हे माझं पहिलंच नाव. ते हातोहात जाणार, असं घरभर सांगून बसलो होतो. पुण्याच्या एका मसालेवाल्याचा फोन आला. "नाव छान आहे हो, पण शेवग्याच्या शेंगांची चटणी घेणार कोण?" शेंगा म्हटलं की आमच्याकडे भुईमुगाच्याच; बाहेर तसं नसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चिडून मी लगेच दुसरं नाव शोधायला लागलो, तर आत्या म्हणाली, "थांब की जरा. तेल सुटलं न्हाय अजून. घाईनं काढली तर नुसता कूट होतोय, चटणी न्हाय." मी मोबाईल ठेवून मुसळ हातात घेतलं. आता कुठलंही नाव आवडलं की आधी परगावच्या दोघा-तिघांना ऐकवतो, त्यांच्या डोळ्यांपुढं काय येतं ते विचारतो, मगच घेतो. ते पहिलं नाव मात्र अजून माझ्याकडंच आहे. दरवर्षी त्याची मुदत वाढवतो. तेल सुटायचंय त्याला.