खारं म्हणजे कोणतं पाणी

दादाला कोणी पंपाविषयी विचारलं की त्याचा चेहरा उजळायचा. हैदराबादच्या अंबरपेठेत आमच्या गल्लीत कोणी बोअर मारली की दादाला बोलावणं ठरलेलं. तो पायात चपला सरकवून जायचा, किती खोल, किती पाणी हवं, पाणी कसं आहे एवढं विचारायचा, कुठला पंप घ्यायचा ते सांगायचा आणि चहा पिऊन परत यायचा. या बाबतीत त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. बाकी सगळीकडे, भाजी आणण्यापासून लग्नाला कोणता शर्ट घालायचा इथपर्यंत, वहिनीशिवाय त्याचं पान हलत नसे. मी त्यावरून त्याला भरपूर चिडवायची.

तो पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. मग उदारीकरण आलं. मी तेव्हा नारायणगुड्याच्या एका शाळेत शिकवत होते. आमच्या स्टाफरूममध्ये त्या एका शब्दावर रोज तावातावाने वाद व्हायचे, आणि जिला तिला आता परदेशी मिक्सर हवा असायचा. आमच्या घरी आली ती स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा कोणाची, ते विचारायचं नाही. बाहेरचे पंप आले, गुळगुळीत कागदावरचे त्यांचे कॅटलॉग आले, आणि दादाच्या कारखान्यातली एकेक भट्टी थंड होत गेली. चाळिशी ओलांडलेला धडधाकट माणूस सकाळी डबा न घेता घरात बसलेला बघणं फार वाईट. शाळेला निघताना मी त्याच्याकडे बघायचं टाळायची.

त्याच्याजवळ उरलं होतं ते एवढंच, की विचारलं तर त्याला सांगता येत होतं. तेवढ्यावर त्याने राणीगंजातल्या एका पंपाच्या दुकानदाराशी जमवलं. दुकान सेठचं, गिऱ्हाईक सेठचं, आणि कोणाला कुठला पंप द्यायचा ते दादाने ठरवायचं. सुरुवातीचे महिने बंगल्यांच्या टाक्या आणि शेतातल्या बोअरी यांतच गेले. मग किनारपट्टीच्या एका जिल्ह्यातून चौकशी आली. एका मोठ्या कामावर काँक्रीटची खोल गोल विहीर बांधायला घेतली होती आणि ती अर्ध्यातच पाण्याने भरली होती. पाणी उपसल्याशिवाय काम पुढे सरकत नव्हतं. सेठला त्यात पुढची मोठी गिऱ्हाइकं दिसत होती. दादाला मात्र एकच गोष्ट हवी होती. एवढे कॅटलॉग येऊन पडले तरी आपलं डोकं अजून कोणाच्या कामाचं आहे, हे त्याला स्वतःलाच दाखवायचं होतं. त्या दिवसांत तो पुन्हा रोज दाढी करायला लागला.

तिथल्या इंजिनिअरला त्याने दुकानातून फोन लावला तेव्हा मी तिथेच होते, घरी विसरलेला चष्मा द्यायला गेले होते. दादा ऐकेल ते मोठ्याने म्हणत कागदावर उतरवत होता. खोली उतरवली, किती वेळात उपसायचं ते उतरवलं, आणि मग त्याने विचारलं, "पानी कैसा है साब?" पलीकडून उत्तर आलं. "खारा. उप्पु नीळ्ळु. हौ, हौ, समझ गया," दादा म्हणाला आणि त्याने 'खारं' असं लिहिलं.

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. हैदराबादेत पाणी दोन प्रकारचं. नळाला येतं ते मीठा, प्यायचं. जमिनीतून येतं ते खारा, धुण्याभांड्याचं. तेलुगू माणूस त्याच बोअरच्या पाण्याला उप्पु नीळ्ळु, म्हणजे मिठाचं पाणी, म्हणतो. आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या निजामाच्या मुलखातली, त्यामुळे आमच्या मराठीतही ते 'मिठं' आणि 'खारं' असंच आलेलं. दादा जन्मभर खाऱ्या पाण्याने आंघोळ करत होता. समुद्र त्याने पाहिला होता तो आयुष्यात एकदा, स्वतःच्या लग्नात, वऱ्हाडाच्या बसच्या खिडकीतून.

पंप निवडायला त्याने दोन संध्याकाळी घेतल्या. जेवणाच्या टेबलावर आलेख पसरलेले, वहिनीची कोथिंबीर एका कोपऱ्यात ढकललेली. मी विचारलं नसतानाही तो मला समजावत होता, की एवढ्या खोलातलं पाणी वरून ओढता येत नाही, पंपच खाली पाण्यात उतरवायचा आणि खालून वर ढकलायचं. कितीतरी दिवसांनी मी त्याला शीळ घालताना ऐकलं. शेवटी त्याने बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या, अंगाचा एक दणकट देशी पंप ठरवला. आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात तसलाच पंप वर्षानुवर्षं विनातक्रार चालला होता.

पंप लॉरीत चढला त्या संध्याकाळी आम्ही लवकर जेवायला बसलो होतो. दादा खुशीत होता, तीच ती हकीकत पुन्हा सांगत होता. वहिनी रत्नागिरीची. ती भाकरी वाढता वाढता सहज म्हणाली, "अहो, पण खारं म्हणजे कोणतं? आपलं, की समुद्राचं?"

दादाने हातातला घास ताटातच ठेवला. ताटावरून उठून हात धुतला आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे निघाला. मी मागे धावले.

"गप्प राहा रे," मी म्हणाले. "तू विचारलं होतंस, त्यांनी सांगितलं होतं. आता पंप चालला तर चालला."

"समुद्राचं पाणी बिडाला खातं," तो म्हणाला. "वरून पंप तसाच दिसतो आणि आतून पेन्सिलीतल्या शिशासारखा मऊ होतो. तळाशी माणसं काम करत असताना बंद पडला, तर?"

बूथचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे पलीकडचा आवाजही मला ऐकू येत होता. विहीर समुद्राला लागूनच होती, भरतीचं पाणी आत शिरलं होतं. दादाने चूक कबूल केली, पंप उतरवू नका म्हणाला. तो इंजिनिअर ओरडला, "मैं खारा बोला था ना? उप्पु बोला था ना? खारा बोले तो समंदर नहीं समझते, तो पंप क्या समझते आप?"

"आप सही बोल रहे साब," दादा म्हणाला. मला त्याचा असा राग आला! असं कोणी ऐकून घेतं? मी आजही म्हणते, त्याने गप्प बसायला हवं होतं. आणि आजही त्या बूथमधला त्याचा वाकलेला खांदा आठवला की मला रडू येतं.

पंप बांधला होता तसाच परत आला. काम एका परदेशी कंपनीकडे गेलं. सेठ तोंडाने काही बोलला नाही, पण मोठ्या चौकश्या दादापर्यंत येईनाशा झाल्या. दादा दुकानात जात राहिला. घरी विषय निघालाच तर एकच वाक्य म्हणायचा, "निदान पाण्यात उतरू तरी दिला नाही मी." पंप निवडायला तो चुकला होता, पण चूक वेळेवर ओळखली होती, आणि एवढ्या एका गोष्टीवर तो उभा होता. वहिनीला ते कळायचं. ती लगेच "हो, ते बरीक खरं" म्हणायची.

पुढे दिवाळीच्या खरेदीला मी आणि दादा सुलतान बाजारात गेलो होतो. कापडाच्या दुकानाबाहेर सेठ भेटला. हातात पिशव्या, बरोबर बायको, स्वारी अगदी मजेत.

"साब, सुने क्या?" तो म्हणाला. "वो बाहर का पंप आने को देर हुई बोलके उन लोगां आखिर कास्ट काइच डाल दिए. अपने मॉडल काइच! पूरा गड्ढा खाली होगया, कुच नै हुआ पंप को. थोड़े दिन का तो काम था. आप खाली चुप बैठते तो बात बन जाती थी."

मला तर इतका आनंद झाला की गर्दीत मी दादाचा दंडच धरला. "ऐकलंस? तुझाच पंप! चालला असता तो!"

मागून एक ऑटोवाला भोंगा वाजवत होता. दादा बाजूला सरकला नाही. सेठकडे बघून तो हसला, तेही नीट जमलं नाही.

"म्हणजे," तो मला म्हणाला, "सांगितलं तेही चुकलंच."