देवीला जामीन राहिलेला माणूस

मी नळाखाली ड्रम लावत होते आणि आमचे हे दारात देवी घेऊन उभे होते.

रिक्षात.

"भाबी, जरा हात लगाव. अम्मा भौत वजनदार है," रिक्षावाला म्हणाला.

आमच्या गारखेड्यात पाणी येतं त्या सकाळी कुणी पाहुण्याकडंसुद्धा बघत नाही. आधी ड्रम, मग बादल्या, मग घरातली सगळी पातेली. मी ओल्या हातानं तशीच बाहेर गेले.

गोणपाटात गुंडाळलेली, दीड हात उंच, काळ्या दगडाची मूर्ती. गळ्यात पोलिसांची चिठ्ठी. उजवा हात कोपरापासून गेलेला.

"इथं कशाला आणली?"

"गावी नेली तर पाण्यात सोडतील," हे म्हणाले. "आधी तिला आंघोळ घाल. लई दिवस झाले."

मी भरलेली पहिली बादली तिच्यावर ओतली.

चितेगावच्या पुढं आमचं लहानसं गाव आहे. ही तिथली गावदेवी. सगळे तिला नुसतं 'आई' म्हणतात. दर मंगळवारी तिला आंघोळ असते. सवाष्णीनं घालायची, नाहीतर पुरुषानं. विधवेनं नाही. कधीपासूनची रीत, कुणाला माहीत नाही.

एका सकाळी देऊळ रिकामं सापडलं. कुलूप जागेवर, मागची भिंत फोडलेली.

गाव रडलं. मग गावानं संगमरवराची नवी देवी आणली. तीही छान आहे. गोरीपान.

पण आमचे हे काही थांबले नाहीत. कारखान्यातली शिफ्ट संपली की पोलीस ठाणं. "काही कळलं का साहेब?" एवढंच विचारायचे आणि घरी यायचे.

मी चौथी शिकलेली. पण पेपर हातात आला की त्यातलं एक अक्षर सोडत नाही. अशा मूर्ती परदेशात विकल्या जातात, तिथं काचेत ठेवतात, ही बातमी मीच यांना वाचून दाखवली होती.



हे म्हणाले, "काचेत नीट ठेवतील गं. पण मंगळवारी आंघोळ कोण घालंल?"

आई सापडली. दुसऱ्या जिल्ह्यात, एका ट्रकमध्ये, भुशाखाली. चोरांनी उपटताना हात तुटला होता.

पण केस चालू. म्हणून तिला ठाण्यातल्या खोलीत ठेवलं, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या शेजारी. मुद्देमाल म्हणून.

हे मंगळवारी हार घेऊन तिथंही जायचे.

"काका, मुद्देमालाला हार घालता येत नाय," हवालदार म्हणाला.

"मग शेजारच्या गाडीला घाला. आईला वास तरी येईल."

पुढं पुढं तोच हवालदार यांना विचारायला लागला, "काय काका, आज उशीर?"

शेवटी कोर्टानं देवी ताब्यात द्यायला परवानगी दिली. अट एकच. केस संपेपर्यंत कुणीतरी जबाबदारी घ्यायची आणि कोर्ट बोलावेल तेव्हा मूर्ती हजर करायची.

गावातून कुणी पुढं येईना.

आपल्याकडं तुटलेली मूर्ती पुजत नाहीत. तिला पाण्यात सोडतात. आई आली की वाजतगाजत धरणात सोडायची, असं गावानं ठरवूनच ठेवलं होतं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. रीतच तशी.

यांनी सही केली. आता ती बुडाली असती तर कोर्टात हे उभे राहिले असते.

मी म्हणाले, "देवीला जामीन राहिलेला माणूस साऱ्या जगात तुम्हीच!"

"ती आपल्याला जन्मभर राहिलीय की," हे म्हणाले.

चार दिवसांनी गावची मंडळी आमच्या घरी आली. पुढं सोपानतात्या, यांचे सख्खे चुलते. आईला आम्ही खिडकीजवळ पाटावर बसवलं होतं. तात्यांनी तिला लांबूनच हात जोडले.

"रंगा, आता सही केलीस, ते ठीक. पण केस संपली की तिला धरणात सोडायची. तुटका देव घरात नको आन् गावातबी नको."

"तात्या, माझ्या आईच्या अंगावरनं वारं गेलं, तिचा हात लुळा पडला, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? वैनीच व्हती माझी."

"तवा तुम्ही मला काय म्हणलात?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नीट सांभाळ म्हणलात. धरणात सोड नाय म्हणलात."

मी चहा आणला, तो सगळ्यांनी खाली बघत घेतला. तात्यांनी कप ठेवला, उठले, खिडकीजवळ गेले आणि आईच्या तुटक्या कोपरावर हात ठेवला.

"टेम्पो बघा रं," एवढंच म्हणाले.

आई गावी गेली. नव्या देवीच्या शेजारी बसली. पुढं केसही संपली, पण धरणाचं नाव कुणी काढलं नाही. रिटायर झाल्यावर हे दर मंगळवारी बसनं जायचे आणि तिला आंघोळ घालून यायचे. तिच्या तुटक्या हाताला आधी पाणी लावायचे, हळूच. दुखतंय की काय तिला, असं.

यांचं नाव कुठं छापून आलं नाही. म्हणून मी लिहिलं.

आज वर्ष झालं तुम्हाला जाऊन. फोटोला हार घातला. माझा नमस्कार घ्या.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती.

तुमचं तेरावं झालं, त्या संध्याकाळी तात्यांचा फोन आला.

"सूनबाई, उद्या मंगळवार हाय. आईची आंघोळ तू घाल."

मी म्हणाले, "तात्या, आता मी कशी घालू? रीत नाही."



तात्या म्हणाले, "रीत तर तिला धरणात सोडायची व्हती."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं गावी गेले आणि आईला आंघोळ घातली.